क्वाय आधी की लॉरेन्स? युद्धकैद्यांच्या चार सिनेमांची तुलना

कैदेत पडलेल्या अधिकाऱ्याचा मान शाबूत राहतो का? 1929 चा जिनिव्हा करार म्हणतो, राहतो. कलम 27 नुसार त्याला सक्तीने कामाला जुंपता येत नाही. जानेवारी 1941 मध्ये जपानी सैनिकांच्या हाती दिलेली ‘सेन्जिंकुन’ ही आचारसंहिता नेमकं उलटं बजावते: जिवंतपणी कैदी होण्याची नामुष्की ओढवून घेऊ नका. जपानने जिनिव्हा करारावर सही केली होती, पण त्याला मंजुरी दिली नव्हती. त्यामुळे एकाच्या लेखी जो हक्क, तो दुसऱ्याच्या लेखी निलाजरेपणा.

हा झगडा पडद्यावर बघायचा तर चार नावं हमखास पुढे येतात: ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ (1957, 161 मिनिटं), ‘मेरी ख्रिसमस, मिस्टर लॉरेन्स’ (1983, सुमारे दोन तास), ‘ला ग्रांद इल्युझिआँ’ (1937, दोन तासांच्या किंचित आत) आणि ‘द ग्रेट एस्केप’ (1963, 172 मिनिटं). ‘ग्रेट एस्केप’ सोडला तर शेवट इथे फोडलेले नाहीत, मधले काही प्रसंग मात्र येतील.

झगडा कसा चालतो हे टप्प्याटप्प्याने कळायला हवं असेल, तर ‘क्वाय’ला तोड नाही. ब्रिटिश कैदी कर्नल निकोल्सन खिशातून कराराची प्रत काढतो आणि जपानी छावणीप्रमुख सायतो तीच त्याच्या तोंडावर मारतो. मग निकोल्सनची रवानगी भट्टीसारख्या तापणाऱ्या पत्र्याच्या कोठडीत होते. पण कैद्यांकडून बांधून घ्यायचा रेल्वेचा पूल वेळेत झाला नाही तर सायतोला स्वतःचा जीव द्यावा लागणार आहे, त्यामुळे वेळ कैद्याच्या बाजूने आहे. सायतो माघार कशी घेतो ते नीट बघा. 1905 च्या रशियावरच्या विजयाचा वर्धापनदिन पुढे करून तो माफी जाहीर करतो. झाकली मूठ राहते; रडतो तो एकटा असताना.

पुढचा भाग बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. जो निकोल्सन अधिकाऱ्यांच्या अंगमेहनतीवरून मरायला तयार होता, तोच पुढे त्यांना आपणहून कामाला लावतो. कलम 27 मध्ये ते बसतंही, कारण बंदी सक्तीला आहे. पण त्याच करारातलं कलम 31 युद्धाशी थेट संबंध असलेलं काम कैद्यांकडून करून घ्यायला मनाई करतं, आणि लष्करी रेल्वेचा पूल हे दुसरं काय आहे? निकोल्सनला ते कलम सुचतच नाही. शंका काढतो तो डॉक्टर क्लिप्टन. मान सांभाळता सांभाळता माणूस शत्रूचं काम शत्रूपेक्षा चोख करू लागतो, हा या सिनेमाचा खरा डंख.

‘क्वाय’ची उणीव दुहेरी आहे. सायतोची संहिता आपल्याला जवळजवळ फक्त त्याच्या संतापातून दिसते. आणि इतिहास म्हणून तो बघू नये. खरी सयाम-बर्मा रेल्वे 415 किलोमीटरची. तिच्यावर 12,000 हून जास्त दोस्त राष्ट्रांचे कैदी मेले आणि आशियाई मजूर त्याहून कितीतरी अधिक. पडद्यावर मजूर जवळपास नाहीतच. खऱ्या पुलाजवळच्या तामारकान छावणीतले वरिष्ठ अधिकारी फिलिप टूसी निकोल्सनसारखे नव्हते.

दोन्ही बाजूंचं ऐकायचं असेल तर नागिसा ओशिमांचा ‘लॉरेन्स’ घ्या. 1942 चं जावा, जपान्यांची छावणी. सार्जंट हारा दुभाषी लॉरेन्सला अगदी मनापासून विचारतो, की तुझ्यासारखा अधिकारी ही लाज सोसून जिवंत कसा राहतो? छावणीत चोरटा रेडिओ सापडतो. लॉरेन्सने तो आणलेला नाही, तरी शिक्षा त्यालाच, कारण गुन्हा घडला की कुणीतरी भोगलंच पाहिजे, तरच घडी बसते. गुन्हेगार शोधणं विरुद्ध गुन्हा फेडणं, असा हा पेच आहे. छावणीप्रमुख कॅप्टन योनोईला 1936 च्या फेब्रुवारीत जपानी लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी केलेल्या फसलेल्या बंडात सोबत्यांबरोबर मरता आलं नाही, ही बोच त्याच्या वागण्यामागे आहे; ती लक्षात ठेवली नाही तर तो नुसता लहरी वाटतो. सुरुवातीलाच पोटात सुरी खुपसण्याचा प्रसंग आहे. मुलांसोबत बघू नका. कथा तुटक आहे आणि मधला पूर्वायुष्याचा भाग रेंगाळतो.

झ्याँ रन्वारच्या ‘इल्युझिआँ’त गंमत उलटी आहे: पहिल्या महायुद्धातले जर्मन किल्लेदार राउफेनश्टाइन आणि फ्रेंच कैदी बोएल्दियू, दोघेही उमराव, त्यांची संहिता एकच. झडतीच्या वेळी राउफेनश्टाइन फक्त बोएल्दियूकडून शब्द घेतो. पळून जाण्यासाठी केलेला दोर खोलीत नाही, खिडकीबाहेर आहे, त्यामुळे शब्द अक्षरशः खरा. माझाच शब्द का, सोबत्यांचा का नाही, असं बोएल्दियू विचारतो तेव्हा भिंत कुठे आहे ते उघडं पडतं. ती दोन देशांत नाही, घराण्यांत आहे. चौघांतला सर्वांत सूक्ष्म सिनेमा हाच, पण टक्कर बघायला आलेला माणूस निराश होईल.

‘ग्रेट एस्केप’ या कसोटीवर हलका पडतो. पळणं हे कैद्याचं कर्तव्य, पकडणं हे पहारेकऱ्याचं, असा दोघांना मान्य खेळ. करारानुसार पकडलेल्या फरारी कैद्याला जास्तीत जास्त 30 दिवसांची कोठडी. सिनेमा ज्यावर बेतला आहे त्या जर्मन छावणीतल्या खऱ्या पलायनात, मार्च 1944 मध्ये, 76 जण निसटले, तिघे सुटले आणि पकडलेल्यांपैकी 50 जणांना गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, गोळ्या घातल्या. म्हणजे खेळ मोडला तो तिसऱ्यानेच. भुयारांचा तपशील रंगतदार आहे, इतकंच.

विषय नवा असेल तर ‘क्वाय’, मग लगेच ‘लॉरेन्स’. हा क्रम उलटा केला तर सायतो फारच सपाट वाटतो. एकच बघणार असाल तर ‘लॉरेन्स’. तो आणि ‘इल्युझिआँ’ डब केलेले अजिबात घेऊ नका, सबटायटल्सवरच बघा. राउफेनश्टाइन आणि बोएल्दियू खासगी बोलायला इंग्रजीकडे वळतात, हे डबिंगमध्ये पुसलं जातं. आणि छावणी सोडताना बोएल्दियूचा सोबती मारेशाल नव्याने येणाऱ्या इंग्रज कैद्याला अर्धवट खणलेल्या भुयाराबद्दल फ्रेंचमध्ये जीव तोडून सांगतो, त्याला एक अक्षर कळत नाही. सगळेच एका भाषेत बोलले तर या प्रसंगात काही उरतच नाही.