पॅनेलवरच्या हिरव्या दिव्याने आम्हाला दोन वर्षं फसवलं
आमची डोंबिवलीतली अकरा मजली सोसायटी, मी तिची सेक्रेटरी. अग्निशमन दलाची नोटीस आली तेव्हा जुना फायर अलार्म बंदच होता. तीन कोटेशनं मागवली. दोघांचे आकडे सहा लाखांच्या पुढे, तिसऱ्याचा ३ लाख ८० हजार. वर "बी फॉर्मचंही आम्हीच बघू, मॅडम." बी फॉर्म म्हणजे यंत्रणा चालू असल्याचं एजन्सीने वर्षातून दोनदा द्यायचं प्रमाणपत्र. सभेत त्याचं नाव मीच लावून धरलं, हे आजही मला सलतं.

आठ दिवसांत काम झालं. लॉबीच्या छताला धूर ओळखणारे डिटेक्टर, जिन्यापाशी आग दिसली की दाबायचे लाल डबे, वॉचमनच्या केबिनमध्ये पॅनेल. त्याने पॅनेलशेजारचा लाल डबा दाबून दाखवला, हूटर वाजला, आम्ही चेक दिला. वरच्या मजल्यावर करून दाखवा, असं एकानेही म्हटलं नाही.

दोन वर्षांनी एका रात्री पावणेदोनला चौथ्या मजल्यावरच्या इलेक्ट्रिक डक्टमधली केबल जळायला लागली. लॉबी धुराने भरली. दम्याच्या आजींना खोकल्याने जाग आली, म्हणून आम्हाला कळलं. मेन स्विच पाडला, कुणाला इजा झाली नाही. हूटर मात्र वाजलाच नाही. खाली पॅनेलवर हिरवा दिवा तसाच.

दुसऱ्या दिवशी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या काकांनी पॅनेल उघडलं. अशा साध्या सिस्टीममध्ये प्रत्येक झोनच्या, म्हणजे एका वायरवरच्या डिटेक्टरांच्या गटाच्या, शेवटच्या डिटेक्टरपाशी एक छोटा रेझिस्टर बसवतात. त्यातून सतत थोडा करंट वाहतो. मध्ये वायर तुटली की तो थांबतो आणि पॅनेल फॉल्ट दाखवतं. आमच्याकडे पहिला झोन सोडून बाकीचे रेझिस्टर पॅनेलमध्येच टर्मिनलला जोडलेले! लाइन शाबूत आहे असंच पॅनेल समजत राहिलं. मग शिडी लावून चौथ्या मजल्यावरचा डिटेक्टर फिरवून काढला. बेसमागे बोटभर वायर लोंबत होती, पुढे काहीच नाही.

जानेवारी आणि जुलैचे बी फॉर्म मात्र न चुकता व्हॉट्सअॅपवर यायचे, आम्ही प्रिंट काढून फाइलला लावायचो. त्यावरचा लायसन्स नंबर भलत्याच एजन्सीचा निघाला. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, म्हणजे सोसायटीत आपलीच. ठेकेदाराने फसवलं म्हणून ती टळत नाही.

म्हणून कळकळीने सांगते, लायसन्स नंबर महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाच्या यादीत स्वतः पडताळा. एजन्सीचा माणूस समोर असताना कुठल्याही मजल्यावरचा एक डिटेक्टर बेसमधून काढायला लावा. पॅनेलवर फॉल्ट आलाच पाहिजे. पॅनेलची वीज बंद करून हूटर बॅटरीवर वाजतो का बघा. टेस्ट स्प्रेने प्रत्येक डिटेक्टरला धूर द्यायला लावा, एकही सोडू नका. तासभर जाईल, जाऊ दे.

पोलिसांत तक्रार दिली आहे, त्या माणसाचा फोन बंद येतो. नवीन एजन्सीशी करार करताना पाव रक्कम चाचणीनंतरच द्यायची असं लिहून घेतलं. गेल्या रविवारी मी शिडीबरोबर अकराही मजले फिरले. नवव्या मजल्यावरचा एक डिटेक्टर बोलला नाही. तो बदलून माझ्यासमोर वाजेपर्यंत शेवटचा चेक माझ्याच पर्समध्ये आहे.