हजेरीच्या कागदावर सही करताय? आधी हे वाचा

लोकवर्गणीतून उभी राहिलेली आमची संघटना आमच्या डोळ्यांदेखत एका माणसाच्या ताब्यात गेली. दमदाटी नाही, मारामारी नाही. सगळं कागदोपत्री अगदी रीतसर.

आमच्या घटनेप्रमाणे अध्यक्षाला सलग दोनच मुदती मिळत आणि बँक खात्यावर दोघांच्या सह्या लागत. दोन्ही नियम एका शोकसभेत गेले. तिथे हजेरीचा कागद फिरवला होता. वरचा अर्धा भाग कोरा, सह्या सगळ्या खाली. पुढे त्याच कोऱ्या जागेत ‘विशेष सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त’ उमटलं: मुदतीची मर्यादा रद्द, खातं एका सहीवर, ठराव एकमताने मंजूर. सूचक म्हणून ज्यांचं नाव घातलं होतं, ते तर श्रद्धांजली वाहून लगेच निघून गेले होते!

दुसरी चलाखी वर्गणीची. काही जणांकडून रोख घेतली आणि ‘पावतीपुस्तक संपलंय, नंतर देतो’ म्हणून सांगितलं. निवडणुकीच्या वेळी नेमके तेच थकबाकीदार, म्हणून मतदार यादीतून बाद. हे कोण? तर आधीच्या सभेत हिशेब मागणारे. मला सर्वांत जास्त चीड याची आहे. बुडालेले पैसे पुन्हा जमवता येतील, पण जाब विचारणाराच बाहेर फेकला गेलेला पाहून बाकीचे गप्प झाले, ते अजून गप्पच आहेत.

व्हाउचरं मागितली की उत्तर ठरलेलं, ‘आपल्याच माणसांवर विश्वास नाही का?’ १८४४ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या विणकर-कारागिरांनी सहकारी दुकान काढलं, तेव्हा भांडवल कितीही घातलं तरी सभासदाला मत एकच ठेवलं आणि दर तिमाहीला हिशेब सर्वांपुढे मांडायचा नियम केला. तो अविश्वास नव्हता, कामाची पद्धत होती.

म्हणून सांगतो, तारीख आणि विषय वर लिहिलेला नसेल तर सही करू नका, मोकळ्या जागेवर रेघ मारून घ्या. पावती हातात पडल्याशिवाय रोख देऊ नका. मागच्या सभेचं इतिवृत्त ‘वाचलं असं समजू या’ म्हणून कायम होऊ देऊ नका, मोठ्याने वाचायला लावा. आणि हिशेब तपासनीस सभेनेच निवडलेला हवा, अध्यक्षांच्या मर्जीतला नको.

आम्ही तक्रार केली आहे, मूळ इतिवृत्तवही मागितली आहे. ती ‘सापडत नाही’ असं लेखी उत्तर आलंय. खातं अजून एकाच सहीवर चालू आहे.