क्रायोव्हेन: डायलिसिससाठी दात्याची शीर घ्यावी का?

फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर थेट जोडणं) होण्यासारखी स्वतःची शीर हातात शिल्लक असेल, तर क्रायोव्हेन या ग्राफ्टचा (धमनी आणि शिरेमध्ये बसवलेल्या नळीचा) विचारही करू नका. अमेरिकेतल्या क्रायोलाइफचं (२०२२पासून आर्टिव्हियन) क्रायोव्हेन म्हणजे मृत दात्याच्या मांडीतली शीर, द्रव नायट्रोजनच्या वाफेत उणे १३५ अंशांखाली गोठवलेली. तिची खरी जागा एकच: पीटीएफई (कृत्रिम प्लास्टिकचं) ग्राफ्ट पिकलंय, ते काढावंच लागणार आणि रुग्णाला महिनोन्महिने परमकॅथवर (मोठ्या शिरेत घातलेल्या डायलिसिसच्या नळीवर) ठेवायचं नाही. कृत्रिम नळीवर जंतू ठाण मांडून बसतात, या शिरेत ते तितक्या सहज जमत नाहीत. बंद पडण्याच्या बाबतीत मात्र ती पीटीएफईहून फारशी सरस नाही, आणि किंमत कितीतरी पट.

गोठलेली शीर काचेसारखी ठिसूळ असते. वितळण्याआधी वाकवली तर तडा जातो, म्हणून सोबतच्या सूचनापत्रातलं तापमान आणि क्रम तंतोतंत पाळायचा. गोठवताना पेशी जपण्यासाठी घातलेलं डीएमएसओ हे रसायनही टप्प्याटप्प्यानेच धुवायचं. मग हेपरिनचं (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचं) सलाइन भरून गळती पाहायची. बांधलेली एखादी फांदी हमखास झिरपते, तिथे बारीक टाका. झडपा विसरू नका: शिरेचं गुडघ्याकडचं टोक धमनीला, जांघेकडचं हातातल्या शिरेला. उलटं जोडलं तर रक्त झडपांवरच अडतं. शीर रुंद असते, म्हणून धमनीवरचं तोंड ४ ते ६ मिमीच ठेवा, नाहीतर पंजा गार पडून ठणकू लागतो. जुन्या ग्राफ्टच्या पू झालेल्या, कातडीखालच्या बोगद्यातून ती अजिबात नेऊ नये.

सुया २-३ आठवड्यांनी, सूज उतरल्यावर. रोज त्याच जागी टोचलं की तिथे फुगा येतो. त्यावरची कातडी पातळ आणि चकचकीत दिसू लागली तर पुढच्या डायलिसिसची वाट न पाहता सर्जनला दाखवायचं, कारण तो फुटू शकतो.

सगळ्यात मोठा आक्षेप वेगळाच आहे. गोठवूनही दात्याच्या पेशींची ओळख पुसली जात नाही, त्यामुळे रुग्णाच्या रक्तात एचएलए अँटिबॉडी (परक्या पेशींच्या ओळखखुणांविरुद्धची प्रतिद्रव्यं) वाढतात आणि पुढे जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं. पेशी काढून टाकण्याची सिनरग्राफ्ट प्रक्रिया यासाठीच आली. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव असलेल्याला साधी गोठवलेली शीर आम्ही सुचवणार नाही. दुसरा मार्गच नसेल, तर आधी पीआरए (या अँटिबॉडी किती आहेत ते सांगणारी रक्ततपासणी) तपासून घ्या, काही आठवड्यांनी पुन्हा तपासा आणि दोन्ही अहवाल प्रत्यारोपण समन्वयकाकडे द्या.