शिवभोजन थाळी: दहा रुपये आणि पन्नास रुपये

बाजार समितीच्या फाटकाजवळील शिवभोजन केंद्रावर मी गेल्या महिन्यात चार वेळा जेवलो. नाव सांगायचे, मोबाइलवर छायाचित्र काढू द्यायचे, दहा रुपये द्यायचे, की ताट हाती येते. महाराष्ट्र शासनाने 2020 मध्ये ही स्वस्त जेवणाची योजना सुरू करताना ठरवल्याप्रमाणे त्यात 30 ग्रॅमच्या दोन चपात्या, 100 ग्रॅम भाजी, 100 ग्रॅम वरण आणि 150 ग्रॅम भात असतो. चपात्या गरम होत्या, भाजी बेताच्या तेलात परतलेली होती आणि वरणात डाळ जाणवत होती. दहा रुपयांत असे स्वच्छ, ताजे जेवण सहजासहजी मिळत नाही. वाढणाऱ्या मावशी प्रत्येकाला "बसून घ्या, दादा" म्हणतात, हेही नोंदवण्याजोगे वाटते.

अडचण आहे ती भुकेच्या मापाची. शेजारी बसलेले हमाल काका म्हणाले, "हे चार वाजेपर्यंत पुरतं, पुढं वडापाव लागतोच." माझ्या अंदाजाने या ताटात साडेपाचशे ते सहाशे उष्मांक असावेत, तर 1957 च्या भारतीय श्रम परिषदेने (सरकार, मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींच्या बैठकीने) किमान वेतनाच्या हिशेबासाठी दर प्रौढामागे रोज 2700 उष्मांक धरले होते, आणि एका कमावत्या माणसामागे अशी तीन माणसे मोजली होती.

या थाळीचा खरा खर्च शहरी भागासाठी 50 रुपये धरला गेला. ग्राहकाच्या दहा रुपयांवरील 40 रुपये शासन केंद्रचालकाला देते. केंद्र सरकारने 2019 मध्ये ठरवलेली राष्ट्रीय पायाभूत मजुरी, म्हणजे देशात याहून कमी मजुरी असू नये असा दर, दिवसाला 178 रुपये, आठ तासांच्या कामात तासाला सव्वाबावीस रुपये होते. त्या हिशेबाने दहा रुपयांची थाळी 27 मिनिटांच्या श्रमात मिळते, पण तीच थाळी पूर्ण खर्चाने घ्यायची तर सव्वादोन तास राबावे लागते. तीन माणसांच्या एका वेळच्या तीन थाळ्यांना 150 रुपये लागतात आणि भाडे, औषध, शाळा यांसाठी 28 रुपये उरतात. महाराष्ट्रातील बहुतेक अनुसूचित उद्योगांचे (किमान वेतन कायद्याच्या यादीतील उद्योगांचे) दर याहून बरेच वर आहेत, हे खरे. तरीही त्याच वर्षी किमान वेतन ठरवण्याची पद्धत सुचवण्यासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या अनुप सत्पथी समितीने सुचवलेले दिवसाला 375 रुपये मान्य झाले असते, तर तीच पन्नासची थाळी तासाभराच्या कामात आली असती. सवलतीचे ताट मला मनापासून हवे आहे, मात्र ते मजुरीतील उणीव भरून काढण्यासाठी नव्हे.

जायचे असल्यास साडेबाराच्या आत जावे, कारण थाळ्यांची रोजची संख्या ठरलेली असते आणि चारपैकी दोन दिवशी एक वाजताच त्या संपल्या. मागे राहिलेले समोरच्या खाणावळीकडे वळले. तेथे साध्या थाळीचा दर 90 रुपये लिहिलेला आहे. पायाभूत मजुरीच्या हिशेबाने तो अर्ध्या दिवसाचा रोज होतो.