जिन्यावरच्या चार मिनिटांसाठी पाहावा असा ‘टॉम-यम-गूंग’

म्हापसा-पणजीकडे मुए थायचा (थाई मुष्टियुद्धाचा) सराव करणाऱ्या आणि मारामारीचे चित्रपट चवीने पाहणाऱ्या मंडळींनी प्रच्या पिंकाएव दिग्दर्शित ‘टॉम-यम-गूंग’ (२००५) हा थाई चित्रपट अवश्य पाहावा. कथा बेताचीच आहे. चोरीला गेलेले हत्ती सोडवण्यासाठी खाम नावाचा तरुण सिडनी गाठतो, एवढेच. खरे मोल आहे ते खामची भूमिका करणाऱ्या टोनी जा याच्या अंगच्या कसबाला. एका उपाहारगृहाच्या गोल जिन्यावरून मजल्यामागून मजला चढत तो आडव्या येणाऱ्या प्रत्येकाला लोळवतो, आणि सुमारे चार मिनिटांचा हा संपूर्ण प्रसंग कॅमेरा एकदाही न थांबवता चित्रित केलेला आहे. वरच्या मजल्यावर पोहोचेपर्यंत त्याची जी दमछाक दिसते, ती केवळ अभिनयाची नसावी, असे मला तरी वाटते.

पन्ना रित्तिकराई आणि टोनी जा यांनी बसवलेल्या हाणामाऱ्यांत नेहमीच्या कोपर-गुडघ्यांच्या प्रहारांबरोबर हत्तीच्या हालचालींवर बेतलेली पकडही आहे. शेवटी तिच्याच जोरावर खाम एकामागून एक प्रतिस्पर्ध्यांचे हातपाय मोडतो, तेव्हा हाडांचा कडकड आवाज नको इतका ऐकू येतो. लहान मुलांना सोबत बसवू नये. पाणी साचलेल्या मंदिरातील कापोएरा (ब्राझीलची युद्धकला) खेळाडूशी झालेली झुंज मात्र देखणी आहे. अमेरिकेत प्रदर्शित झालेली आवृत्ती बरीच कापलेली असून तिचे संगीतही बदललेले आहे, त्यामुळे मूळ थाई आवृत्तीच उपशीर्षकांसह पाहावी.