घरच्या बिअरसाठी नळाच्या पाण्याचा अहवाल : काही महिन्यांच्या वापरानंतर

लंडनमध्ये घरी बिअर करायला लागलं की पहिला सल्ला मिळतो तो बाटलीबंद पाणी आणायचा. मला तो कधीच पटला नाही. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, आणि या शहराची पोर्टर ही काळपट बिअर अठराव्या शतकात इथल्याच पाण्यावर नावारूपाला आली. म्हणून गेल्या हिवाळ्यापासून प्रत्येक घाण्याचा हिशोब मी पाणी कंपनीच्या अहवालावरून मांडते आहे.

अहवाल फुकट मिळतो. संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की आपल्या पुरवठा विभागाचे वर्षभराचे आकडे समोर येतात: किमान, सरासरी, कमाल. सुरुवातीला सगळे जण सरासरीच उचलतात. माझ्या मते किमान आणि कमाल यांतलं अंतर आधी बघावं. क्लोराईड, सल्फेट, सोडियम यांचं अंतर माझ्या भागात कमी आहे, त्यामुळे त्या आकड्यांवर मी डोळे मिटून विसंबते. कायद्याने सल्फेट आणि क्लोराईड प्रत्येकी लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, सोडियम २०० पर्यंत. म्हणजे अहवाल पाणी पिण्यालायक असल्याची हमी देतो. बिअरला ते कसं पडेल, हे आपणच वाचून काढायचं.

वाचताना एकक नीट बघा. पाण्याचा जडपणा क्लार्क, फ्रेंच, जर्मन अशा तीन-तीन अंशांत दिलेला असतो. मला उपयोग होतो तो कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबातल्या आकड्याचा. कॅल्शियममुळे आलेला जडपणा लिटरला २७० मिलिग्रॅम असेल, तर ०.४ ने गुणून कॅल्शियम १०८ मिलिग्रॅम निघतं. बिअरला एवढं भरपूर झालं. पाण्याचा पीएच मात्र मी बघतही नाही. मॅशचा (दळलेलं मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, गरम पाण्यात भिजवलेलं मिश्रण) पीएच ५.२ ते ५.६ मध्ये बसायला हवा, आणि तो ठरतो पाण्याच्या अल्कलिनिटीवर (आम्ल मुरवून घ्यायच्या क्षमतेवर) आणि मॉल्टवर.

माझी खरी तक्रार इथेच आहे. अल्कलिनिटी हा बिअर करणाऱ्याला सगळ्यात जास्त लागणारा आकडा, आणि माझ्या अहवालात तो नाही. कंपनीला लिहिल्यावर मिळाला, पण तोही वर्षाच्या सरासरीचा. लंडनचं पाणी चुनखडीच्या प्रदेशातून येतं. पुण्यात बोअरच्या पाण्याने बादलीला जसा पांढरा थर धरतो, तसा इथे केटलला धरतो. त्यातही नदीचं पाणी किती आणि भूजल किती, हे प्रमाण बदलतं. मत्स्यालयवाले वापरतात ते अल्कलिनिटी मोजायचं केएच टेस्ट किट मी आणलं (आलेले अंश १७.९ ने गुणायचे), आणि त्याच नळाला कधी २१० तर कधी २६० आलं. स्टाउटला, म्हणजे काळ्या बिअरला, हा फरक जाणवत नाही, कारण काळं भाजलेलं मॉल्ट मुळात आंबट असतं आणि अल्कलिनिटी पचवतं. फिकट रंगाच्या पेल एलमध्ये लगेच कळतो: मॅशचा पीएच वर राहतो, हॉप्स या कडू फुलांचा कडवटपणा जिभेवर खरखरीत लागतो.

म्हणून आता मॅशच्या सकाळी अल्कलिनिटी मोजते आणि आम्लाने खाली आणते. पेल एलसाठी २० ते ५० पर्यंत. इतक्या जड पाण्याला नुसतं लॅक्टिक आम्ल वापरलं तर ते चवीत उतरतं. हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्लांचं तयार मिश्रण मिळतं, ते बरं. मात्र त्याने क्लोराईड आणि सल्फेट दोन्ही वाढतात, आणि मुळात ती किती होती हे अहवालाशिवाय कळणार कसं? मग जिप्समचा (कॅल्शियम सल्फेटचा) हिशोब: १० लिटरला १ ग्रॅम घातलं की सल्फेट साधारण ५६ ने आणि कॅल्शियम २३ ने वाढतं. कडवटपणा कोरडा आणि स्वच्छ हवा असेल तर जिप्सम, मॉल्टचा गोडवा भरीव हवा असेल तर कॅल्शियम क्लोराईड. आम्ल हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच.

पाणी निर्जंतुक ठेवायला कंपनी घालते त्या क्लोरामाइनचं थोडक्यात सांगते. ते उकळून सहजी जात नाही, आणि राहिलं तर बिअरला डेटॉलसारखा वास येतो. ते घालवायला कॅम्पडेनची (सल्फाइटची) अर्धी गोळी २५ लिटरला पुरते. अहवाल न बघताही ही गोळी घालावीच.

फिक्या लागरला मी निम्मं नळाचं आणि निम्मं आरओचं (क्षार काढलेलं) पाणी घेते. पिल्झेन या चेक शहराचं पाणी अगदी मऊ, आणि फिकी लागर मूळची तिथलीच. अहवाल हाताशी असला की सगळे आकडे निम्मे करायचे, बस्स.

मँचेस्टरच्या मैत्रिणीने माझी स्टाउटची कृती मागितली, तेव्हा मी आधी तिच्या पोस्टकोडचा अहवाल मागवला. तिकडे लेक डिस्ट्रिक्टमधल्या तलावांचं मऊ पाणी येतं. थर्लमिअरचं तर १८९४ पासून. कृतीतलं आम्ल मी पूर्ण काढलं, कॅल्शियम क्लोराईड वाढवलं, आणि मॅशचा पीएच ५.२ च्या खाली गेला तरच चिमूटभर खायचा सोडा घाल, असं तिला कळवलं.