शाई भाड्याची, कागद माझा: एका प्रिंटरसोबतचे चौदा महिने

मी मुद्रितशोधनाचं काम करते. पहिली दोन वाचनं पडद्यावर होतात, तिसरं कागदावर. पडद्यावर डोळा पुढे पळतो. 'आणि'ची वेलांटी दीर्घ झालेली दोनदा वाचूनही सुटते आणि कागदावर तीच अंगावर येते. त्यामुळे घरात प्रिंटर लागतोच. आधीचा आठ वर्षं चालला आणि एके दिवशी कागद ओढायचा थांबला. त्याच्या जागी जो आला त्याच्याबद्दल हे लिहिते आहे. कंपनीचं नाव देत नाही. माझं भांडण पैसे घ्यायच्या पद्धतीशी आहे आणि ती पद्धत काही एकाच कंपनीची नाही.

यंत्राचं आधी उरकते. रंगीत इंकजेट, दोन्ही बाजूंनी छापणारा, वायफायवर चालणारा. नऊ पॉइंटच्या देवनागरीत रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळत नाहीत, 'द्ध' आणि 'ध्द' वेगळे ओळखू येतात. माझ्या कामात याहून मोठी कसोटी नाही. ट्रे लहान आहे. पहिलं पान बाहेर यायला इतका वेळ लागतो की तेवढ्यात माझा चष्मा शोधून होतो. पाचपैकी चार.

आता बिलाकडे येते. प्रिंटर मला स्वस्तात मिळाला, इतका की सोबत आलेल्या कार्ट्रिजची दुकानातली किंमत पाहिली तर यंत्र जवळपास फुकट पडलं असं वाटावं. तेव्हाच कान टवकारायला हवे होते. यंत्र कमी किमतीत द्यायचं आणि त्यात घालायच्या वस्तूवर कमवायचं, ही चाल जुनी आहे. तिला सगळे 'वस्तरा आणि पातं' म्हणतात आणि श्रेय जिलेटला देतात. यातली गंमत अशी, की जिलेटने सुरुवातीला वस्तरा स्वस्त विकलाच नव्हता. १९०४ साली पेटंट मिळालं त्या काळात त्याचा वस्तरा पाच डॉलरला होता, म्हणजे चांगलाच महाग. १९२१ मध्ये पेटंटची मुदत संपली, दुसऱ्यांना तसे वस्तरे बनवता येऊ लागले, आणि मग स्वस्त वस्तऱ्याचे दिवस आले. या चालीत खरी अडचण यंत्र स्वस्त विकण्याची नसतेच. पातं दुसऱ्या कुणाकडून घेतलं जाऊ नये, याची असते.

प्रिंटरवाल्यांनी त्यासाठी कार्ट्रिजवर चिप बसवली. तीही अडवणूक कोर्टात गेली. लेक्समार्क ही कंपनी काही कार्ट्रिज सवलतीत विकायची, अट एवढीच की एकदा वापरून परत करा. दुसऱ्या एका कंपनीने रिकामी कार्ट्रिज गोळा करून, भरून विकायला सुरुवात केली. २०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो, मग विकताना काहीही अट घातलेली असो. हे वाचल्यावर माझ्या प्रिंटरसोबत आलेली योजना मला नव्याने कळली. अशा योजना त्या निकालाच्या आधीपासून आहेत, पण त्यातली हुशारी निकालामुळे उघडी पडते: शाई विकलीच नाही, तर हक्क संपण्याचा प्रश्नच येत नाही.

योजना अशी. महिन्याला ठरावीक रक्कम द्यायची, त्यात शंभर पानं. शाई किती लागली याचा हिशेब नाही, फक्त पानं मोजायची. पान पूर्ण रंगीत छायाचित्राचं असो की मधोमध एकच काकपद, म्हणजे सुटलेला मजकूर दाखवायची खूण, असलेलं, ते एकच पान. प्रिंटर इंटरनेटवरून आपली मोजदाद कळवतो आणि शाई संपत आली की नवं कार्ट्रिज टपालाने घरी येतं. मागवावं लागत नाही. उरलेली पानं पुढच्या महिन्यात जातात, पण एका मर्यादेपर्यंतच. शंभराच्या वर गेलात तर दहा-दहा पानांच्या गठ्ठ्याने जादा आकार. एकशे एकावं पान छापलं की दहा पानांचे पैसे.

पहिले तीन-चार महिने मी या योजनेची प्रचारक झाले होते. भेटेल त्याला सांगायचे. कारण तिने एक गोष्ट खरोखर सरळ केली होती. कार्ट्रिज विकणाऱ्याचा फायदा शाई लवकर संपण्यात असतो. पानामागे पैसे घेणाऱ्याचा फायदा शाई पुरवून पुरवून वापरण्यात असतो. माझ्या जुन्या प्रिंटरला दर दोन दिवसांनी नोझल, म्हणजे शाई सोडणारी बारीक छिद्रं, धुवायची हुक्की यायची, त्यात शाई जायची आणि ती माझ्या खिशातून जायची. नव्यातही धुणं चालतंच, पण त्याचा खर्च आता त्यांचा. कुणाचं उत्पन्न कशावर ठरतं ते बदललं, तर तेच यंत्र निराळं वागू लागतं.

याचं सगळ्यात देखणं उदाहरण विमानाच्या इंजिनाचं आहे. १९६२ साली ब्रिस्टल सिडली या ब्रिटिश कंपनीने आपल्या वायपर इंजिनासाठी 'पॉवर बाय द अवर' नावाची सोय काढली. इंजिन जितके तास उडेल तितक्या तासांचा ठरलेला दर भरायचा, आणि इंजिन बदलणं-दुरुस्त करणं कंपनीकडे. पुढे ही कंपनी रोल्स रॉइसमध्ये गेली आणि ही पद्धत तिथे वाढली. यात मोडलेलं इंजिन हा कंपनीचाच तोटा. सुट्या भागांवर पोट भरणाऱ्याला बिघाड लाभतो, याला तो महागात पडतो.

आणि पानं मोजण्याची कल्पना तर कागदाच्याच धंद्यातली. १९५९ मध्ये हॅलॉइड झेरॉक्सने ९१४ हे कॉपी काढायचं यंत्र आणलं. नऊ बाय चौदा इंचांपर्यंतचा कागद चालायचा म्हणून ९१४. वजन जवळपास तीनशे किलो, किंमत अवाढव्य. विकत घेणार कोण? म्हणून त्यांनी ते भाड्याने दिलं: महिन्याला पंचाण्णव डॉलर, त्यात दोन हजार प्रती, त्यापुढे प्रतीमागे काही सेंट. लोकांनी त्या दोन हजारांचा कधीच फडशा पाडला आणि कंपनीची खरी कमाई मीटरवरच्या पुढच्या आकड्यांतून झाली. इतकी, की आपल्या भाषेत आजही फोटोकॉपी कुणी काढत नाही, झेरॉक्स काढतात. माझ्या टेबलावरचा डबा त्याच यंत्राचा पणतू आहे, फक्त मीटर वाचायला आता माणूस येत नाही.

बिघडलं कुठे? दोन ठिकाणी.

पहिलं ठिकाण मला उशिरा दिसलं. मी दर महिन्याचा आकडा वहीत लिहिते. चौदापैकी पाच महिने माझी पानं साठच्या आत होती, तीन महिने मी शंभराच्या वर गेले. माझं काम लाटांसारखं येतं, एखादा महिना कोरडा आणि मग तीन पुस्तकं एकदम. कोरड्या महिन्यातली पानं मर्यादा ओलांडली की बुडतात आणि भरतीच्या महिन्यात जादा आकार लागतो. दोन्हीकडून पैसे माझेच. मासिक वर्गणीच्या कुठल्याही धंद्यात कमाईचा एक भाग न वापरलेल्या सेवेतून येतो. व्यायामशाळा हे त्याचं घोटलेलं उदाहरण, सगळे सभासद एकाच दिवशी आले तर उभं राहायला जागा नसते. यात फसवणूक नाही. पण आपण त्या 'न येणाऱ्यां'पैकी आहोत की नाही हे सही करण्याआधी ओळखावं, आणि मी ते ओळखलं नव्हतं. महिन्याची सरासरी काढून मोकळी झाले. माझ्यासारख्या अनियमित काम करणाऱ्याला सरासरी चकवते.

दुसरं ठिकाण मात्र एका रात्रीत दिसलं. नववा महिना. माझ्या कार्डाची मुदत संपली होती, बँकेने नवं पाठवलं होतं, मी ते योजनेत नोंदवायला विसरले. पैसे कापले गेले नाहीत. इशाऱ्याचे ईमेल आले असणार, ते जाहिरातींच्या ढिगात गेले. रात्री साडेअकराला दोनशे पानांच्या पुस्तकाची शेवटची चाळीस पानं छापायला टाकली. काळी शाई निम्म्याहून जास्त भरलेली. पडद्यावर ओळ आली: हे कार्ट्रिज वापरता येणार नाही. कार्ट्रिज हातात घेऊन हलवलं, आत शाई डुचमळत होती. पुस्तक सकाळी छापायला जायचं होतं. शेवटी ती चाळीस पानं पडद्यावरच वाचली, आणि त्यात एका शीर्षकातला उकार सुटला. तो आता छापील आहे.

दुसऱ्या दिवशी ग्राहक सेवेतल्या मुलाने अगदी शांतपणे समजावलं: "मॅडम, कार्ट्रिज तुमचं नाही, ते कंपनीचंच आहे. तुम्ही पानांचे पैसे देता." आवाजात जराही मग्रुरी नव्हती. आणि म्हणणं बरोबरच होतं. अटींच्या सातव्या-आठव्या परिच्छेदात तसं लिहिलेलंही आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या मजकुरातले स्वल्पविराम तपासणारी बाई स्वतःच्या करारातले परिच्छेद न वाचता सही करते, हा भाग मी परीक्षणात लिहू नये असं घरच्यांचं मत होतं.

पुस्तकांची मांडणी करणाऱ्यांना ही चव आधीपासून ठाऊक आहे. अडोबीने २०१३ मध्ये जाहीर केलं की त्यांच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या विकत मिळणार नाहीत, वर्गणीवरच मिळतील. तेव्हा माझ्या ओळखीचे मांडणीकार वर्षभर चिडलेले होते, आणि आज जवळजवळ सगळे वर्गणी भरतात. ज्यांना रोज वापर आहे त्यांची कुरकुर थांबली. जे वर्षातून चारदा उघडतात ते अजून जुनी आवृत्ती सांभाळून आहेत. कंपनीच्या बाजूने पाहिलं तर आकर्षण उघड आहे. एकदाच विकण्यात दर काही वर्षांनी गिऱ्हाईक नव्याने पटवावं लागतं. वर्गणीत ते काम उलटं होतं, सोडायचं कारण गिऱ्हाइकाला शोधावं लागतं, आणि आपण आळशी असतो.

मला हा राग काढायचा फार हक्क नाही, कारण मीसुद्धा पानामागेच पैसे घेते. एका प्रकाशकाने मध्यंतरी सुचवलं की महिन्याला ठरावीक रक्कम घ्या, जे येईल ते वाचा. मला स्थिर उत्पन्नाचा मोह पडला. दुसऱ्या महिन्यापासून त्यांच्याकडून पुस्तकांबरोबर पत्रकं, पाठवणीची पत्रं, कुणाच्या तरी भाषणाचे मसुदे यायला लागले. त्यांचं काही चुकलं नाही, मोजणी थांबली की वापर वाढतोच. चार महिन्यांनी मी पुन्हा पानांच्या दरावर आले. पण त्या दरातही खोट आहे: सुबक लिहिणाऱ्या लेखकाचं पान आणि ओळीओळीला अडखळणाऱ्याचं पान, दोन्हींचा दर एकच. एका काकपदाचं पान आणि रंगीत छायाचित्राचं पान! माझ्या प्रिंटरची कंपनी आणि मी एकाच नावेत आहोत.

त्या रात्रीनंतर मी घरातली सगळी बिलं वेगळ्या नजरेने चाळली. फुकट मिळणाऱ्या गोष्टींचे पैसे जाहिरातदार देतो. ही तऱ्हा १८३३ सालापासून मुरलेली, 'न्यूयॉर्क सन' हे वर्तमानपत्र एका सेंटला निघालं तेव्हापासून. इतर पत्रं सहा सेंटला होती, फरक जाहिरातींनी भरून काढला. कार्ड वापरल्याचा आकार दुकानदार भरतो. डायनर्स क्लब या कार्ड कंपनीने १९५० मध्ये सुरुवात केली तीच बिलावर सात टक्के दलाली घेऊन. कॉस्टकोसारखं घाऊक दुकान मालावर चौदा-पंधरा टक्क्यांच्या वर नफा चढवत नाही, कारण त्याच्या नफ्याचा मोठा हिस्सा सभासद-शुल्कातून येतो. यातलं शेवटचं मला आवडतं. तिथे दुकानाला तुम्ही पुढच्या वर्षी परत यायला हवे असता, म्हणून ते आज तुम्हाला महाग विकायला धजत नाही.

आता निकाल. महिन्याला दरवेळी साधारण तेवढीच पानं लागत असतील, त्यात रंगीत बरीच असतील आणि शाई आणायला जायचा कंटाळा असेल, तर ही योजना घ्या, मनापासून सांगते. मुलांचे प्रकल्प, छायाचित्रं, नकाशे असं काही छापणाऱ्या घराला ती कार्ट्रिजपेक्षा खूपच परवडेल. नुसता काळा मजकूर छापणाऱ्याने घेऊ नये. त्याची शाई मुळातच कमी लागते, म्हणजे रंगीतवाल्याच्या शाईचा भार तो उचलतो. आणि घेतलीत तर कार्डाची मुदत भिंतीवर लिहून ठेवा.

माझ्यापुरतं सांगायचं, तर मी शाईच्या टाकीचा प्रिंटर घेतला. हा प्रकार एप्सनने २०१० साली इंडोनेशियात पहिल्यांदा आणला. तिथले लोक प्रिंटरला बाहेरून नळ्या आणि बाटल्या जोडून स्वस्त शाई वापरत होते. त्यांच्याशी भांडण्यापेक्षा कंपनीने स्वतःच टाकी बसवून दिली आणि पैसे यंत्राच्या किमतीत घेतले. म्हणून यंत्र महाग, बाटली स्वस्त. या विक्रेत्याला उद्या माझ्याकडून फारसं काही मिळायचं नाही, त्यामुळे तो काय जपेल आणि काय नाही, ते पुढच्या चौदा महिन्यांत दिसेल. दोन महिने झालेत. शाई भरताना बोटं काळी होतात.

जुन्या योजनेला यंत्र म्हणून चार, वर्गणी म्हणून अडीच. रद्द करायला तीन पडदे ओलांडावे लागले, तिन्हींवर 'खरंच जायचंय का?' असं विचारलं होतं. मग टपालखर्च भरलेलं एक पाकीट आलं. निम्मं भरलेलं काळं कार्ट्रिज त्यात घालून मी परत पाठवलं.